दोन इंजेक्शनं आणि चोवीस तास : ऑकलंडच्या चाचणीचं प्रकरण

सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेली बाई प्रसूतिगृहात आली की थोड्याच वेळात तिला एक इंजेक्शन दिलं जातं आणि बाहेर थांबलेल्या घरच्यांना सांगितलं जातं, "बाळाची फुप्फुसं तयार व्हायला दिलंय." औषध जुनं आणि स्वस्त आहे, डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जे कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात, त्याचीच ही कारखान्यात घडवलेली रूपं. सुई आईला टोचतात, पण औषध असतं पोटातल्या बाळासाठी.

ही पद्धत न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात १९६९ ते १९७२ या काळात उभी राहिली. मुलांच्या श्वासावर संप्रेरकांची सत्ता कशी चालते आणि कुठे संपते, हे दाखवणारं इतकं स्वच्छ प्रकरण मला दुसरं माहीत नाही. यात औषधापेक्षा वेळेला जास्त महत्त्व आहे असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं मी त्याच अंगाने मांडतो आहे.

तेव्हा काय होत असे

अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मल्यावर रडायचं, आणि काही तासांत कण्हायला लागायचं. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, नाकपुड्या फुलायच्या, ओठ निळे पडायचे. बरीचशी बाळं दोन-तीन दिवसांत दमून जायची. शवविच्छेदनात वायुकोशांच्या आतून काचेसारखा गुळगुळीत पापुद्रा दिसायचा, म्हणून या आजाराला हायलिन मेम्ब्रेन डिसीज म्हणत. पापुद्रा हेच कारण, असं बराच काळ मानलं गेलं.

१९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी मृत बाळांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवाचा पृष्ठताण मोजला आणि खरं कारण हाती आलं. निरोगी फुप्फुसात सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ वायुकोशांना आतून पातळ लेप देतो. ओली प्लॅस्टिकची पिशवी मिटली की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पुन्हा उघडायला जोर लागतो. सरफॅक्टंट नसलेले वायुकोश प्रत्येक श्वासानंतर तसेच मिटतात. बाळाला दर वेळी पहिल्या श्वासाइतकी मेहनत करावी लागते, आणि मिनिटाला साठ-सत्तर वेळा ती जमणार कशी?

कारण कळलं, पण उपाय नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे लवकर, वजन सुमारे २.१ किलो. त्याला बोस्टनला हलवलं, जास्त दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवलं. ३९ तासांनी तो गेला. आज एवढ्या दिवसांचं आणि एवढ्या वजनाचं बाळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या नवजात कक्षातूनही बहुधा सुखरूप घरी जातं.

आपल्याकडे "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" असं म्हणायची पद्धत आहे. फुप्फुसांचा हिशेब याच्या बरोबर उलट आहे. सरफॅक्टंट बनवणाऱ्या पेशी साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागतात आणि पुरेसा साठा ३४-३५व्या आठवड्यापर्यंत होतो. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनेच पडतो.

कोकरू

ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स, ज्यांना सगळे माँट म्हणत, फुप्फुसांच्या मागे नव्हतेच. त्यांचा प्रश्न वेगळा होता : कळा सुरू कोण करतं, आई की बाळ? अकाली प्रसूती थांबवायची असेल तर आधी हे कळायला हवं, असा त्यांचा साधा तर्क. हे रुग्णालयही धाडसी कामाला सरावलेलं होतं. केनेडींचं बाळ गेलं त्याच १९६३ साली तिथल्याच विल्यम लायली यांनी पोटातल्या बाळाला रक्त चढवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला होता.

न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांना तोटा नाही. लिगिन्सनी गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराची मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी नष्ट केली. दिवस भरून गेले तरी मेंढी विईना. मग उलट केलं : कोकराला थेट कॉर्टिसॉल किंवा त्याच जातीचं औषध दिलं, तर मेंढी वेळेआधीच व्यायली. मेंढीत तरी कळांची घंटा कोकरूच वाजवतं, हे सिद्ध झालं.

ही कोकरं जन्मली ती खूप लवकर, १२० दिवसांच्या आसपास. मेंढीचे पूर्ण दिवस सुमारे १४७. इतक्या कच्च्या कोकराची फुप्फुसं यकृताच्या तुकड्यासारखी भरीव असायला हवीत आणि ते जन्मताच मरायला हवं. पण स्टिरॉइड मिळालेली काही कोकरं अपेक्षेपेक्षा जास्त वेळ श्वास घेत राहिली, आणि उघडून पाहिल्यावर त्यांच्या फुप्फुसांत हवा भरलेली दिसली. १९६९च्या त्या शोधनिबंधाचा मुख्य विषय अकाली प्रसूती हाच आहे. फुप्फुसांची गोष्ट त्यात बाजूने येते. दुसऱ्या एखाद्याने तिच्याकडे काणाडोळा केला असता. लिगिन्सनी अंदाज बांधला की स्टिरॉइडने फुप्फुसातली सरफॅक्टंट बनवणारी यंत्रणा वेळेआधी सुरू केली असावी.

यातली गंमत अशी की मूळ प्रश्नाचं उत्तर माणसाला लागूच पडलं नाही. स्टिरॉइड दिल्याने बाईला कळा येत नाहीत. तसं होत असतं तर हे औषध अकाली प्रसूतीत देताच आलं नसतं.

आत नेमकं काय घडतं

गर्भाच्या शरीरात शेवटच्या काही आठवड्यांत कॉर्टिसॉल आपोआप वाढत जातं. ते फुप्फुसाच्या पेशींत शिरतं, तिथल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं आणि त्याच्यासह पेशीकेंद्रात जाऊन ठरावीक जनुकं चालू-बंद करतं. सरफॅक्टंटमधली स्निग्ध द्रव्यं आणि त्याला पसरायला लावणारी प्रथिनं जास्त बनू लागतात. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधला जाड थर पातळ होतो. फुप्फुसात गर्भभर साठलेलं पाणी शोषून घेणाऱ्या सोडियमच्या वाटाही वाढतात. सरफॅक्टंटचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं; हे बाकीचे बदल दुर्लक्षित राहतात, आणि माझ्या मते त्यांचं श्रेय कमी नाही.

या सगळ्याला तास लागतात, मिनिटं नाहीत. जनुकाचा निरोप वाचायचा, प्रथिन घडवायचं, साठवायचं, बाहेर सोडायचं. इंजेक्शन दिल्यावर किमान चोवीस तास मिळावेत अशी धडपड करतात ती यासाठी.

मग आईला सरळ कॉर्टिसॉलच का टोचत नाहीत? कारण आईचं कॉर्टिसॉल वारेत पोचलं की तिथलं एक विकर (एन्झाइम) त्याला निष्प्रभ करतं. आईच्या रोजच्या ताणतणावापासून बाळाला वाचवायची ती व्यवस्था आहे. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन या विकराच्या हाती फारसे लागत नाहीत आणि बरेचसे शाबूत पलीकडे जातात.

कॉर्टिसॉल एकटं नसतं. थायरॉइडचं संप्रेरक त्याला साथ देतं. कळांच्या वेळी बाळाच्या अंगात ॲड्रिनॅलिन उसळतं आणि फुप्फुसातलं पाणी भराभर शोषलं जाऊ लागतं. कळा यायच्या आधीच, ३९ आठवडे पुरे होण्यापूर्वी सिझेरियन केलं तर बाळ ही उसळी चुकवतं आणि पहिले एक-दोन दिवस धापा टाकतं. मुहूर्त गाठण्यासाठी सिझेरियन आठवडाभर अलीकडे ओढणाऱ्या कुटुंबांना कुणीतरी हे तारीख ठरायच्या आधी सांगायला हवं.

उलट दिशेने ओढणारी संप्रेरकंही आहेत. आईला मधुमेह असेल आणि साखर ताब्यात नसेल, तर बाळाच्या स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन सुटतं आणि ते कॉर्टिसॉलच्या कामात आडवं येतं. अशी बाळं वजनाने चांगली गुटगुटीत असतात, बघणाऱ्याला वाटतं दिवस भरलेले आहेत, आणि नेमकी तीच धापा टाकतात. मुलग्यांच्या अंगातली पुरुष-संप्रेरकं सरफॅक्टंटची तयारी थोडी मागे ढकलतात. नवजात कक्षातल्या परिचारिका हे आकडेवारीशिवाय जाणून असतात : सारख्याच दिवसांच्या दोन बाळांत मुलगी जास्त चिवट निघते.

चाचणी

लिगिन्सना बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांची जोड मिळाली. कोकराने हुरळून जाऊन सरसकट औषध सुरू करणं त्या काळात सहज शक्य होतं. यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले. कुणाला काय मिळालं हे आईलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. बीटामेथासोनचं मिश्रण दुधाळ दिसतं, साधं सलाइन तसं दिसणार नाही. म्हणून दुसऱ्या गटाला दिसायला सारखं असं कॉर्टिसोन दिलं, ज्याची त्या मात्रेतली ताकद बीटामेथासोनच्या सत्तरावा भाग होती. औषधाचा डोस १२ मिलिग्रॅम, चोवीस तासांनी पुन्हा तेवढाच. पन्नास वर्षं उलटली, बीटामेथासोनचा डोस अजून तोच आहे.

चोवीस तास मिळवायचे कसे, हा खरा पेच होता. कळा थांबवायला त्यांनी सालब्युटामोल वापरलं, आणि काही जणींना चक्क शिरेतून अल्कोहोल दिलं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा ती मान्य पद्धत होती. ७७ टक्के मातांमध्ये किमान चोवीस तास मिळाले.

१९७२ साली निकाल छापून आला तेव्हा २८२ माता नोंदल्या गेल्या होत्या. अचानक अकाली प्रसूती झालेल्यांत, औषध मिळालेल्या गटातली ३.२ टक्के बाळं पहिल्या काही दिवसांत दगावली. दुसऱ्या गटात १५ टक्के. श्वसनाचा तो आजार ९ टक्के विरुद्ध २५.८ टक्के. आणि ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, पण चोवीस तास मिळालेल्या बाळांत ११.८ टक्के विरुद्ध ६९.६ टक्के. दहातल्या सात बाळांना होणारा आजार एका बाळावर आला.

याच निबंधात लिगिन्स आणि हॉवी यांनी दोन गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या. तीव्र रक्तदाब, सूज आणि लघवीतून प्रथिन जाणाऱ्या मातांमध्ये औषधाने बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढत असू शकेल. आणि हा पुरावा प्राथमिक आहे, नेहमीचा उपचार म्हणून सुरू करण्याआधी आणखी काम हवं. जगाने हा सावध सूर मनावर घेतला, जरा जास्तच.

वीस वर्षं

पुढची वीस वर्षं हे औषध कपाटातच राहिलं म्हटलं तरी चालेल. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बसवून ते द्या असं सांगितलं, तेव्हा तिथे पात्र मातांपैकी पाचव्या हिश्शाहूनही कमी जणींना ते मिळत होतं. डॉक्टर मंडळींचा आळस, असा निवाडा देऊन मोकळं होणं सोपं आहे. मला तो पुरता पटत नाही. रक्तदाबाची शंका होती (नंतरच्या चाचण्यांत ती टिकली नाही). पाणमोट फुटलेल्या बाईला स्टिरॉइड दिलं तर जंतुसंसर्ग बळावेल ही भीती होती. आणि १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने गोंधळात भर घातली : फायदा मुलींना दिसला, मुलग्यांना दिसला नाही. पुरुष-संप्रेरकांबद्दल जे माहीत होतं त्याच्याशी हे इतकं छान जुळत होतं की लोकांचा चटकन विश्वास बसला. स्पष्टीकरण हाताशी तयार असलं की अपुरा आकडाही पुरेसा वाटतो. पॅट्रिशिया क्रॉली यांनी १९९० मध्ये तोवरच्या बारा चाचण्या एकत्र मोजल्या तेव्हा श्वसनाचा आजार निम्म्यावर येत होता, आणि मुलगा-मुलगी असा भेद उरला नव्हता. मुलगे मागून निघतात हे खरं, पण औषध त्यांनाही पुढे नेतं.

अशा सुरुवातीच्या सात चाचण्यांचा आलेख म्हणजेच कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तोलणाऱ्या संस्थेचं बोधचिन्ह. आडव्या छोट्या रेघा आणि खाली हिरकणीसारखा एकत्रित निकाल. ते चिन्ह लाखो वेळा पाहिलं जातं, त्यातली प्रत्येक रेघ श्वास घेणाऱ्या किंवा न घेऊ शकलेल्या बाळांची आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अतिउत्साह

उशिराची भरपाई अतिउत्साहाने झाली. एक कोर्स चांगला तर दर पंधरवड्याला का नको? २००८ साली आलेल्या मोठ्या चाचणीत वारंवार डोस मिळालेली बाळं वजनाने, लांबीने आणि डोक्याच्या घेराने लहान निघाली, वर जादा फायदाही नाही. कॉर्टिसॉलचा निरोप असा असतो : वाढ थांबवा, तयारीला लागा. तो पुन्हा पुन्हा दिला तर वाढच थांबते. थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक सोबत दिलं तर दुप्पट लाभ होईल ही कल्पना कोकरांवरून सुचली होती. १९९५च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत लाभ तर नाहीच, उलट श्वसनाचा त्रास वाढलेला दिसला.

सगळ्यात महाग पडला जन्मानंतरचा वापर. व्हेंटिलेटरवर अडकलेल्या बाळांना डेक्सामेथासोनचे मोठे डोस, कधी कधी सहा आठवडे, दिले जात. बाळ यंत्रावरून लवकर सुटायचं, सगळ्यांना बरं वाटायचं. काही वर्षांनी त्यांच्यात सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहण्याचं, प्रमाण जास्त असल्याचं दिसू लागलं, आणि २००२ मध्ये अमेरिकन व कॅनेडियन बालरोग संघटनांनी हा सरसकट वापर थांबवायला सांगितलं. औषध तेच, फुप्फुसही तेच. फरक एवढाच की मेंदू घडण्याच्या नाजूक आठवड्यांत तो निरोप नको तेवढ्या जोराने आणि नको तेवढा वेळ मिळाला.

ऑकलंडची मूळ बाळं मात्र तपासली गेली. तिशीत पोचलेल्या ५३४ जणांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. रक्तदाब, चरबी, हृदयाच्या धोक्यात फरक नाही. फुप्फुसाची ताकद सारखीच. साखर प्यायल्यावर अर्ध्या तासाने मोजलेलं इन्सुलिन तेवढं थोडं जास्त.

नागपूर आणि बेळगाव

आता ते पान, ज्यामुळे हे प्रकरण मराठी वाचकाच्या अंगणात येतं. औषध स्वस्त, थंड साठवण लागत नाही, टोचायला सोपं. मग जिथे व्हेंटिलेटर नाही त्या खेड्यांत ते पोचवलं तर किती बाळं वाचतील! भारत सरकारने २०१४ मध्ये एएनएम ताईंनाही (गावपातळीवरच्या परिचारिकांना) अकाली कळांत डेक्सामेथासोन द्यायची मुभा दिली : २४ ते ३४ आठवड्यांत, ६ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा, आणि रुग्णालयात पाठवण्याआधी निदान पहिला डोस.

त्याच सुमारास सहा देशांत एक प्रचंड चाचणी चालू होती. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान, झांबिया आणि भारत. भारतातली ठिकाणं होती नागपूर आणि बेळगाव. गावांचे गट पाडले, अर्ध्या गटांत आरोग्य कर्मचाऱ्यांना औषध आणि प्रशिक्षण दिलं. सुमारे एक लाख जन्म मोजले गेले. २०१५ साली आलेल्या निकालाने सगळ्यांची झोप उडवली. अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. एकूण बाळांत २८ दिवसांतले मृत्यू हजारी २३.९ वरून २७.४ झाले, म्हणजे वाढले. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली.

ऑकलंडला तारलेलं औषध इथे बुडालं का? मला यात सगळ्यात वजनदार कारण वाटतं ते दिवस मोजण्याचं. सोनोग्राफी नाही, शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही, मग पोटाची उंची रंगीत फितीने मोजून आठवडे ठरवायचे. लहान चणीच्या, कमी वजनाच्या आईचं पोट लहान दिसतं; दिवस भरत आलेले असतात आणि फीत सांगते सातवा महिना. औषध मिळालेल्या बहुतेकींची बाळं पुढे लहान निघालीच नाहीत. ज्या बाळाला त्याचं स्वतःचं कॉर्टिसॉल वेळेवर मिळणारच होतं, त्याला वरून आणखी देऊन मिळवायचं काय? शिवाय खरोखर कच्चं असलेलं बाळ जन्मल्यावर त्याला ऊब, प्राणवायू, नळीने दूध देणारं कुणी नसेल, तर तयार फुप्फुसं एकटी किती पुरणार? ऑकलंडच्या आकड्यांत हे सगळं गृहीत धरलेलं होतं, म्हणून ते छापलं गेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मग प्रश्न नीट मांडला. बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातली २९ रुग्णालयं, सोनोग्राफीने ठरवलेले दिवस, २६ ते ३४ आठवड्यांच्या आतल्या २,८५२ माता, आणि बाळाची किमान काळजी घेता येईल अशीच ठिकाणं. २०२० साली निकाल आला : नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. फायदा इतका उघड की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

३४ आठवड्यांनंतरचं चित्र धूसर आहे. २०१६च्या अमेरिकन चाचणीत श्वासाचा त्रास थोडा कमी झाला, १४.४ वरून ११.६ टक्के, पण जन्मल्यावर साखर खाली जाण्याचं प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेलं. घाबरून "राहू दे, दिलेलं बरं" म्हणत ३५-३६व्या आठवड्यात इंजेक्शन ठोकण्याची जी सवय अनेक दवाखान्यांत दिसते, तिच्याकडे हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावं. देणार असाल तर पहिले दोन दिवस बाळाची साखर तपासत राहायची तयारी हवी, आणि आईला मधुमेह असेल तर तिचीही, कारण स्टिरॉइड तिची साखरही उसळवतं.

घरच्यांनी विचारायचं ते याच्याही आधीचं आहे. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरची प्रसूतीची तारीख सगळ्यात खात्रीची असते. तो कागद फाइलमध्ये वर ठेवा. सातव्या महिन्यात अपरात्री कळा आल्या आणि अनोळखी रुग्णालयात जावं लागलं, तर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ड्यूटीवरचा डॉक्टर त्या एका तारखेवरून ठरवतो.